चूक माझी रोजी

माणसाला जे सांगायचं ते सत्तर अक्षरांत सांगता आलं पाहिजे, असं आमच्या सचिवजींचं म्हणणं होतं. सत्तर हा आकडा त्यांनी मनानं काढलेला नव्हता. मोबाइलवर मराठीत एक मेसेज पाठवायचा तर त्यात सत्तरच अक्षरं मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, दोन शब्दांमधली मोकळी जागा, सगळं त्यात मोजलं जातं. एक जरी जास्त झालं तरी मेसेजचे दोन तुकडे होतात, आणि बटनांच्या जुन्या फोनवर दुसरा तुकडा पोचेलच असं नसतं. मी नोकरीला लागायच्या आधी एकदा तसं झालं होतं. एक लांब मेसेज '...या शनिवारी पाणी सुटणार' इथवरच लोकांपर्यंत गेला आणि 'नाही' मागे राहिलं. शनिवारी सकाळी कालव्याच्या शेवटच्या गावची, टेलवरची माणसं फावडी घेऊन नहरावर येऊन उभी होती. तेव्हापासून सचिवजी बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजत. "वेलांटी फुकट नाही, बाई," असं मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.

आमची पाणी वापर संस्था म्हणजे इटियाडोह धरणाच्या नहराच्या एका फाट्यावरची सात गावं. नहर जिथे शिरतो ती वरची गावं, आणि जिथे संपतो ते शेवटचं गाव म्हणजे टेल. पाणी सगळ्यांना एकदम देता येत नाही, म्हणून गावांच्या पाळ्या लावतात. कोणाची पाळी कधी हे पूर्वी चौकीदार सायकलवर फिरून सांगायचा. मग संस्थेनं एक सॉफ्टवेअर घेतलं. कॉम्प्युटरवर यादी टाकायची, बटन दाबायचं, की साऱ्या गावाच्या फोनवर मेसेज. ते चालवायला मी कंत्राटावर लागले. रोज सकाळी गोंदियाहून चांदाफोर्टच्या गाडीनं अर्जुनीला उतरायचं, तिथून ऑटोनं ऑफिस.

पहिल्या दिवशी सचिवजींनी मला विचारलं, "गोंदियाच्या का?"

"हो."

"मंग मराठी येते का नाही?"

राग यायला हवा होता, पण ते खरंच काळजीनं विचारत होते. गोंदियात आमच्या गल्लीत भांडणं हिंदीत, बाजार हिंदीत, मराठी फक्त शाळेपुरती. मी म्हटलं, येते. त्यांनी लगेच एक कागद पुढे केला आणि म्हणाले, "लिहा. पाणी. आता मोजा." मी दोन म्हटलं. ते हसले नाहीत. "चार," म्हणाले. "कॉम्प्युटर माणसासारखं नाही मोजत."

ते साठीच्या आसपासचे, उंच, वाकलेले. दिवाळीपासून होळीपर्यंत डोक्यावर कानटोपी, मग बाहेर कितीही ऊन असो. तंबाखूचा खर्रा सोडला होता, त्याच्या जागी शर्टाच्या खिशात भाजलेली जवस असायची, आणि विचार करताना ते एकेक चिमूट तोंडात टाकत. कळफलकावर एकच बोट चालायचं, उजव्या हाताची तर्जनी. प्रत्येक अक्षर दाबताना तोंडानं म्हणत. खुर्चीवर पूर्ण टेकून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. कडेवर बसायचे, निघायच्या बेतात असल्यासारखे. बरेचदा निघतही.

कारण पाणी स्वतः पाहिल्याशिवाय ते मेसेज जाऊ देत नसत. वरून गेट उघडल्याचा फोन आला तरी ते सायकल काढून फाट्याच्या तोंडाशी जात. तिथे पळसाचं एक पान तोडून नहरात टाकत आणि पान वाहील तसं काठानं चालत. पान किती वेळात दुसऱ्या पुलाशी येतं यावरून कोणत्या गावाला किती वाजता पाणी पोचेल हे सांगत. इंजिनिअर साहेबांचा तक्ता भिंतीवर लावलेला होता. तो आणि पान यांच्यात फरक पडला तर सचिवजी पानाचं ऐकत. एकदा साहेबांनीच विचारलं, "तुम्ही पानावर काय जाता?" तर म्हणाले, "साहेब, तक्त्यात गवत धरलं नाही न जी. नहरात गवत आहे."

बटन दाबण्याआधी मी यादी मोठ्यानं वाचायची असा नियम होता. गाव, नाव, नंबरचे शेवटचे चार आकडे. ते डोळे मिटून ऐकत. मधेच थांबवत. "हा नंबर बंद आहे, त्याच्या पोरीचा टाका." "हे वारले. पण नाव राहू द्या, मी त्यांच्या घरी जाऊन येतो, मंग काढू." मेसेज पाठवताना प्रत्येक गावाच्या यादीच्या शेवटी त्यांचा स्वतःचा नंबर हातानं टाकायचा. सात गावं म्हणून सात वेळा त्यांचा फोन वाजायचा. फोन टेबलावर ठेवून ते मोजत बसत. सातवी टिंग झाली की मगच चहा.

आणि मेसेज गेल्यावर सॉफ्टवेअर एक अहवाल द्यायचं. कोणाला पोचला, कोणाला फेल. फेल झालेली नावं ते वहीत उतरवून घेत आणि संध्याकाळपर्यंत सायकलवर त्या घरांपर्यंत जात. मी एकदा म्हटलं, "सचिवजी, आपण पाठवला न. फोन बंद ठेवला तर आपली काय चूक?"

ते म्हणाले, "फेल म्हणजे तो नाही फेल. आपुन फेल."

माघात टेलवरच्या फागूजींचं नाव दरवर्षी चार दिवस फेल यायचं, कारण ते घरच्यांसोबत कचारगडच्या जत्रेला गेलेले असत. हे सचिवजींना पाठ होतं. ते फागूजींच्या थोरल्या भावाला निरोप देऊन येत आणि वहीत नावापुढे लिहीत, 'देवाकडे'.

फुलवंताबाईंचं तर वेगळंच होतं. त्या टेलच्या अलीकडच्या गावच्या, एकट्या राहायच्या, दीड एकर धान. त्यांच्या नावापुढे जो नंबर होता तो मुलाचा, आणि मुलगा हैदराबादला इमारतींच्या कामावर. म्हणजे त्यांच्या पाणीपाळीचा मेसेज दर वेळी हैदराबादला जाऊन वाजायचा. मला हे कळलं तेव्हा मी मोठ्या उत्साहानं त्यांच्या शेजारणीचा नंबर मिळवला आणि यादीत बदल केला. पुढच्या पाळीनंतर फुलवंताबाई स्वतः ऑफिसात आल्या. सचिवजी नव्हते. त्या दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "नंबर कायले बदलवला, बाई?"

मी म्हटलं, "मावशी, तुम्हाला लवकर कळावं म्हणून."

"मले नहर दिसते न," त्या म्हणाल्या. "मेसेज गेला की पोरगा फोन करते. माय, बुधवारी पाणी आहे म्हणते. मंग जेवली का विचारते. या वेळी फोन नाही आला."

मी नंबर परत बदलला. सचिवजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मले वाटलंच होतं तुमी बदलवान म्हणून. मी काऊन नाही बदलवला, हे विचाराचं होतं न आधी."

त्यांचं बोलणं असं सरळ असायचं. गोड बोलण्याचा त्यांना कंटाळा होता. सॉफ्टवेअरवाल्यांनी सुरुवातीला मेसेज 'प्रिय शेतकरी बंधू' असा बसवून दिला होता. त्यांनी तो पहिल्याच दिवशी काढायला लावला. "कोण प्रिय? अर्ध्याइच्या संगं आपलं भांडण सुरू आहे. अन् बंधू म्हणून राहिले, बाया काय करतील?"

मग एक नवीन नियम आला. कोणताही मेसेज पाठवायचा असेल तर त्याचं वाक्य आधी मोबाइल कंपनीकडून मंजूर करून घ्यायचं. त्या वाक्यात काही जागा रिकाम्या ठेवता येतात, तेवढ्याच आपण भरायच्या. बाकी एक शब्द इकडचा तिकडे झाला तर मेसेज जातच नाही. फसवणूक करणारे मेसेज थांबावेत म्हणून तो नियम होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आमचं एकच वाक्य मंजूर झालं:

'आपल्या शेताची पाणीपाळी ____ रोजी ____ वाजता आहे.'

सचिवजींनी ते वाक्य तोंडानं म्हणून पाहिलं. खिशातली जवस काढून खाल्ली. म्हणाले, "तीस वर्षं मी या लोकाइसंग पाण्याचं बोलून राहिलो. आता एवढंच बोलाचं?"

"दोन जागा आहेत न, सचिवजी."

"हो. दोन जागा आहेत," ते म्हणाले, आणि त्यात काय काय बसतं ते पाहायला लागले. पहिल्या जागेत 'मंगळवार' ऐवजी ते 'मंगळवार नक्की' लिहीत. दुसरीत 'सकाळी ६' ऐवजी 'पहाटे ६ फावडं आणा'. म्हणजे मेसेज व्हायचा, 'मंगळवार नक्की रोजी पहाटे ६ फावडं आणा वाजता आहे.' लोकांना कळायचं. लोकांना व्याकरणाशी काही देणंघेणं नव्हतं.

आता त्या वर्षाची गोष्ट. ती टाळून हे व्यक्तिचित्र पुरं होणार नाही, आणि टाळावीशी मात्र मला बरीच वर्षं वाटत आली.

धान निसवायच्या वेळी पाऊस थांबला. लोंब बाहेर पडते तेव्हा बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी नसेल तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. नहराचं पाणी सुटणार होतं, सगळ्यांचे डोळे मेसेजकडे. खरं तर वरच्या गावांना मेसेजची फारशी गरज नव्हती. नहर त्यांच्या दारातून जातो, पाणी आलं की दिसतं. मेसेजवर जगायचं ते टेलनं. टेलवर सगळी गोंड कुटुंबं, थोडं धान, बाकी जंगलातलं काम. नहरात पाणी सुटल्यावर त्यांच्यापर्यंत यायला तीन दिवस लागायचे. तोवर ते गावच्या बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, पंपानं पाणी घेऊन कसंतरी धान जगवत होते. पंप एकच, तोही शेजारच्या गावाचा मागून आणलेला.

सोमवारी पहाटे फाट्याच्या तोंडाशी पाणी आलं, आणि सचिवजी सकाळीच पान टाकून आले. कागदावर सात गावांच्या तारखा लिहून दिल्या. पहिलं गाव मंगळवार, टेल शुक्रवार. मला चारची गाडी गाठायची होती. माझ्या लहान बहिणीला पाहायला त्या संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि आईनं दोनदा फोन केला होता. यादीत गावं मागेपुढे झाली होती, म्हणून मी गावांचा रकाना अकारविल्हे लावला. फक्त तोच रकाना. नावं आणि नंबर जिथल्या तिथे राहिले. म्हणजे गावांची नावं सरकली आणि माणसं दुसऱ्याच गावांखाली गेली. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या कोणालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. घाईत माझ्या हातून झालं आणि मी पाहिलं नाही.

सचिवजी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, "हं. वाचा."

मी म्हटलं, "सचिवजी, मी सगळी तपासली आहे. बरोबर आहे. माझी गाडी जाईल."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रोज ऐकणारा माणूस एक दिवस न ऐकता राहील का, याचा ते विचार करत असावेत. मग म्हणाले, "तुमी तपासल्या न?"

"हो."

त्यांनी तर्जनीनं बटन दाबलं. सात वेळा टिंग झालं. मी गाडी पकडली.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास फागूजींचा फोन आला. टेलवरच्या जवळजवळ सगळ्यांना मेसेज गेला होता की पाणी मंगळवारी सकाळी सहाला. त्या भरवशावर त्यांनी सोमवारी संध्याकाळीच पंप परत करून टाकला होता, आणि शेजारच्या गावानं तो लगेच दुसरीकडे लावला होता. पहाटेपासून माणसं कोरड्या नहरात उभी होती. पाणी वरच्या गावात होतं, आणि तिथे ते असायलाच हवं होतं, कारण पाळी त्यांचीच होती. नियमानं टेलला अजून तीन दिवस होते. पंप नाही, नहरात पाणी नाही.

सचिवजींनी फोन ठेवला. मला म्हणाले, "यादी दाखवा."

मी यादी उघडली. पहिल्या गावाखाली पहिलंच नाव फागूजींचं होतं. ते एका नजरेत समजले. मीही समजले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ते बोलतील. मी तयार होते, खरंच होते. ते एवढंच म्हणाले, "उठा, बाई. मले बसू द्या."

ते माझ्या खुर्चीवर बसले. टेलचे आणि बाकी साऱ्या गावांचे योग्य नंबर माझ्याकडून नीट लावून घेतले, आणि या वेळी सगळी यादी मला मोठ्यानं वाचायला लावली. मग ते मंजूर वाक्य उघडलं. दुसरं वाक्य पाठवता येत नव्हतं. त्या दोन रिकाम्या जागांतच जे काय ते बसवायचं होतं. ते पेरांवर मोजत राहिले, जवस न खाता. मग एका बोटानं, तोंडानं म्हणत, दोन्ही जागा भरल्या. मेसेज असा गेला:

'आपल्या शेताची पाणीपाळी चुकली. चूक माझी रोजी टेलवर बसलो आहो वाजता आहे.'

मी नंतर मोजलं. एकोणसत्तर होतात.

तो त्यांनी फक्त टेलला नाही पाठवला, सातही गावांना पाठवला. मग सायकल घेऊन निघाले. मी विचारलं, "सचिवजी, तिथे जाऊन काय करणार?"

"लिहिलं न, बसलो आहो म्हणून," ते म्हणाले. "मंग बसा लागन."

टेलवर नहर संपतो तिथे सिमेंटचा एक चौकोनी हौद आहे. त्याच्या कठड्यावर ते जाऊन बसले. फागूजींनी मला पुढे सांगितलं की पहिल्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोललं नाही. बायांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते बसून राहिले. संध्याकाळी फागूजींच्या भावानं खाट आणून टाकली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सचिवजींच्या बायको जावयाच्या मोटरसायकलवर डबा घेऊन आल्या. त्या पोवारी बोलीत त्यांना बरंच काही बोलल्या, ते सगळं ऐकून घेऊन जेवले, आणि पुन्हा कठड्यावर बसले.

वरच्या गावांत तोवर त्या मेसेजचं हसू झालं होतं. "चूक माझी रोजी" असं पोरं एकमेकांना म्हणायला लागली होती. पण सचिवजी वरच्या गावचेच, तिथल्या पोवार समाजाचेच. त्यांचे आजोबा कामठ्याकडून इकडे आले, तेव्हापासून घर, शेती, नातीगोती सगळं वरच्या गावांत. आपला एक म्हातारा टेलवर जाऊन खाटेवर पडला आहे, हे हसता हसता लोकांना टोचायला लागलं असावं. बुधवारी दुपारी वरच्या गावचे दोघं मोटरसायकलवर पाहायला गेले. त्यातला एक सचिवजींचा चुलतभाऊ, ज्याच्याशी त्यांचं शेताच्या हद्दीवरून, धुऱ्यावरून वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. त्यानं हौदात वाकून पाहिलं. आत कोरडा गाळ, त्याला भेगा. मग बांधीत उतरून एक लोंब तोडून बोटांनी चोळून पाहिली.

"अजून दोन दिवसानं दाना नाही भरत," तो म्हणाला.

सचिवजी म्हणाले, "मालूम आहे."

"आमाले कायले नाही सांगतला मंग? गेट बंद करा म्हणून?"

"पाळी तुमची आहे. कसा सांगू? मी फक्त बसलो."

तो चुलतभाऊ परत गेला. त्या संध्याकाळी वरच्या दोन गावांनी आपली गेटं स्वतःहून बंद केली, आपल्या पाळीचा दीड दिवस शिल्लक असताना. मधल्या गावांनी ते पाहिलं आणि त्यांनीही अर्धी बंद केली. गुरुवारी सकाळी टेलवर पाणी आलं. आधी गवताचा कचरा आणि फेस, मग पाणी. शुक्रवारच्या ऐवजी गुरुवार. तो एक दिवस पुष्कळ होता. बहुतेक धान वाचलं. फागूजींच्या उंचावरच्या दोन बांध्या मात्र गेल्या. लोंबा उभ्या होत्या, दाणा नव्हता. हेही सांगितलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक झाली. अध्यक्ष चिडलेले होते, कारण इंजिनिअर साहेबांपर्यंत गोष्ट गेली होती. त्यांनी विचारलं, चूक कोणाची. मी सचिवजींच्या शेजारीच इतिवृत्ताची वही घेऊन बसले होते.

सचिवजी म्हणाले, "बटन मी दाबलो."

"यादी कोणी केली?"

"यादी कोणीही करो. वाचल्याबिगर बटन मी दाबलो."

अध्यक्ष म्हणाले, मग मेसेजचं काम यापुढे तुमच्याकडे नको. बाई पाहतील. आणि मी वहीत लिहिलं, 'सचिवांच्या चुकीमुळे.' माझ्या अक्षरात. त्या वेळी माझ्या मनात काय होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. बहिणीचं लग्न ठरलं होतं. कंत्राट मार्चपर्यंतचं होतं. आणि ते इतक्या शांतपणे बोलले की गोष्ट तिथेच मिटली असं वाटलं. गप्प राहायला फार काही करावं लागत नाही.

त्यानंतर सचिवजी ऑफिसात यायचे, पत्रव्यवहार पाहायचे, पण कॉम्प्युटरच्या टेबलाकडे फिरकायचे नाहीत. पान टाकून यायचे आणि तारखांचा कागद माझ्यासमोर ठेवायचे. मी यादी एकटीच मोठ्यानं वाचायची. मार्चमध्ये त्यांनी सचिवपद सोडलं. माझं कंत्राट वाढलं.

पुढच्या पावसाळ्यात मी एकदा त्यांच्या घरी गेले. ते अंगणात सायकलची चेन साफ करत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की यादी मी बिघडवली होती, रकाना मी सरकवला होता, आणि तपासली नसताना तपासली म्हणून सांगितलं होतं.

"मालूम आहे," ते म्हणाले.

"मग तुम्ही बैठकीत बोलला का नाहीत?"

"तुमाले काढलं असतं. मंग पुढची पाळी कोणं पाठवली असती? मले एका बोटानं येते." त्यांनी चेनवरून चिंधी फिरवली. "अन् माझी चूक होतीच. मी ऐकलो नाही, तरी दाबलो."

मला रडू आलं. ते मला गप्प करायला आले नाहीत. चेन गियरवर बसवली, पायडल फिरवून पाहिलं, मग म्हणाले, "पण तुमी सांगाले पायजे होतं, बाई. माझं मी सांगतलो. तुमचं तुमी सांगा. मले नोका सांगू, मले मालूम आहे. ज्याच्या बांध्या गेल्या त्याले सांगा."

आमसभा ऑक्टोबरात शाळेच्या पटांगणात झाली. सातही गावांची माणसं, सतरंज्या, एक माइक. सचिवजी आता साधे सभासद होते, मागे पिंपळाखाली बसले होते. मागच्या वर्षीचं इतिवृत्त वाचून कायम करायचा विषय आला. वाचायचं मलाच होतं. 'सचिवांच्या चुकीमुळे' इथे मी थांबले. मग सांगितलं. सत्तर अक्षरांत नाही जमलं, बरंच लांबलं. रकान्याचं सांगितलं, चारच्या गाडीचं सांगितलं, बैठकीत गप्प बसल्याचं सांगितलं. फागूजींकडे पाहून सांगायचं ठरवलं होतं, पण बहुतेक वेळ मी वहीकडेच पाहत होते.

माझं बोलून संपलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग फागूजी उठले. सावळे, बारीक, खांद्यावर दुपट्टा. त्यांना माइक द्यायला कोणी पुढे झालं, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

"आमाले पाणी आलं त्याच दिवशी मालूम झालं होतं, बाई," ते म्हणाले. "आमी त्या म्हाताऱ्यासंग पहिला दिवस बोललो नाही, मंग दोन दिवस विचारून राहिलो, कोणं केलं, कोणं केलं. तो सांगे नाही. तवाच समजलं. सोताची चूक राहिली असती तर कशी झाली ते सांगतला असता."

मी म्हटलं, "मग तुम्ही कोणी बोलला का नाहीत?"

"आमी काऊन बोलू?" फागूजी म्हणाले. "आमी तुमची वाट पाहून राहिलो होतो."

ते खाली बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि माफीही नव्हती. वर्षभर एक काम अडून होतं, ते झालं, एवढंच होतं. मी पिंपळाखाली पाहिलं. सचिवजींनी खिशातून चिमूटभर जवस काढली, तोंडात टाकली आणि बसल्या जागेवरूनच म्हणाले, "झालं न जी आता. पुढचा विषय घ्या. तिसऱ्या गेटचं चाक कवाचं अडकून राहिलं."

त्या चाकावर मग तासभर चर्चा झाली. चाक वरच्या गावानं मोडलं की गंजून अडकलं यावरून चांगलंच भांडण लागलं, आणि सगळ्यात मोठा आवाज फागूजींचा होता. टेबलाशी उन्हं आली होती, म्हणून मी वही उचलून सावलीकडे गेले. बोलता बोलताच, माझ्याकडे न पाहता, फागूजींनी सतरंजीवर थोडं सरकून घेतलं. मी तिथे बसले आणि लिहायला लागले.